यादीतली पहिली ओळ

प्रिंटरच्या शाईचा वास आला की भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमधलं ते ऑफिस आठवतं. क्वार्टरवाटपाची यादी काढणारी स्क्रिप्ट माझी होती. डेटाबेसमधून नावं आली का, हे तपासायला मी पहिली ओळ वाचली. वाचनाची खूण पुन्हा सुरुवातीला न्यायची विसरले, त्यामुळे छपाई दुसऱ्या ओळीपासून झाली. सेवाज्येष्ठतेत पहिले असलेले शेजारचे फिटरकाका यादीतून गळले. काकूंना जिना चढवत नव्हता आणि तळमजल्याचं क्वार्टर एकच होतं; ते दुसऱ्याला गेलं. मी साहेबांकडे धावले. "सर, चूक माझी आहे, पाच मिनिटांत दुरुस्त करते." ते हसले. "बेटा, लिस्ट लग चुकी. कंप्यूटर ने निकाली है, अब कौन बदलेगा?" "मी बदलते ना!" "तुम बैठो." आजही कुणी कंप्युटरचं नाव पुढे केलं, की काकूंना धरून एकेक पायरी चढवणारे काका दिसतात आणि माझं डोकं भडकतं.