हुसेनभाईंचं बिनव्याजी कार्ड

हुसेनभाई चहा पिण्याआधी पैसे द्यायचे. रेवदंड्याच्या बंदरावरचा टपरीवाला हसायचा, मी चिडायचो, पण यांचा हात आधी खिशात. "घोट घेता घेता दम गेला तर उधारी कोन देनार?" असं वर मलाच विचारायचे. आमची ओळख त्याच टपरीवरची. मी चौलच्या शाळेतला मास्तर आणि ते मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे.

अशा माणसाने कर्ज काढलं ते सलीमसाठी. एकुलता एक मुलगा, कतारला जायचं म्हणून हटून बसला. एजंटाला द्यायला हुसेनभाईंनी बँकेचं पर्सनल लोन घेतलं. वर्षाच्या आत साहेब परत हजर. तिथलं ऊन सोसत नाही म्हणे! हप्ते बापाच्या गळ्यात राहिले. हप्त्यांपेक्षा त्यांना व्याज टोचायचं. व्याज देणंही हराम, आणि कर्ज डोक्यावर घेऊन हजला जायचं नाही, हे त्यांचं पक्कं होतं. "मास्तर, तुमी पैशे मोजता, मी गुनाह मोजतो," ते म्हणायचे.

मग बँकेतल्या एका गोडबोल्या पोराने क्रेडिट कार्ड सुचवलं. कार्डावर वर्षभरासाठी बिनव्याजी रक्कम घ्या, तिने जुनं कर्ज फेडून टाका आणि मग दरमहा कार्डाचे पैसे भरा. फी तेवढी एकदाच. 'बिनव्याजी' म्हटल्यावर हुसेनभाईंचा चेहरा उजळला. कागद घेऊन माझ्याकडे आले. मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचून काढली. बेत खोटा नव्हता, हे मी आजही सांगतो. अट एवढीच की वर्षात सगळं फिटलं पाहिजे आणि कार्डावर दुसरी खरेदी करायची नाही. बाकी राहिली तर तिच्यावर जुन्या कर्जाच्या दुपटीहून जास्त व्याज.

हुसेनभाईंनी कार्ड कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्या वयात दुप्पट कामं घेतली. घरात मटण बंद झालं, ईदला नवे कपडे शिवले नाहीत. पैसे भरून आले की शाळेच्या फाटकाशी थांबून मला सांगायचे, "ओझं हलकं होतंय, मास्तर." हजसाठी नाव कुठे द्यायचं, याची चौकशीही सुरू झाली होती. एवढा आनंदी माणूस मी आमच्या गावात दुसरा पाहिला नाही.

सलीमला कपाट उघडावंही लागलं नाही. बापाचा मोबाइल तोच चालवायचा, कार्डाचा नंबर त्याने कधीच टिपून ठेवला होता. नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायला त्याने त्या कार्डावर रबरी बोट आणि जॅकेटं घेतली. सीझनमध्ये सगळं काढून देतो, म्हणाला. पावसाळा लागला, पाण्यातले खेळ बंद झाले, बोट पडवीत पडून राहिली. बापाने जेवढं फेडत आणलं होतं तेवढंच पुन्हा चढलं. त्यातच वर्ष संपलं आणि व्याज सुरू झालं. मी पोराला फटकावायलाच निघालो होतो, हुसेनभाईंनी माझा हात धरला.

"जाऊ द्या. पोर माझं हाय, आनि कार्डावर नावबी माझंच हाय."

त्यानंतर त्यांनी हजचा विषय माझ्यासमोर काढला नाही. 

गेले ते बंदरावरच, इंजिन खोलता खोलता. जनाज्याच्या नमाजाआधी वारसाने जमलेल्यांना मयताच्या देण्याबद्दल विचारायची त्यांच्यात रीत आहे. मी मागे भिंतीशी उभा होतो. सलीम पुढे झाला आणि डोळे पुसत म्हणाला, "अब्बांकडं कुनाचं काय देनं असंल तर मला सांगा, मी देईन. न्हायतर त्यांना माफ करा."

कोणी पुढे आलं नाही. बँक काही मशिदीत येत नाही. देणं कोणी केलं आणि विचारतोय कोण, हे त्या गर्दीत फक्त त्याला आणि मला ठाऊक होतं. मयताचा मान राखून मी गप्प बसलो. बापाला माफ करा म्हणाला तो. त्या बापाने कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं. सलीमला मात्र मी माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.