मागच्या सीटचं बक्कल

लेकीचा परदेशातून फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. खुशाली विचारायच्या आधी तिनं विचारलं, "आई, आपल्या गाडीला मागं बेल्ट आहेत का?"

आमच्या जुन्या छोट्या गाडीला मागं बेल्ट नव्हते. कधी लागलेच नव्हते. लेकीचं म्हणणं सरळ होतं. मोठा नातू तीन वर्षांचा, नात अजून बसायला शिकत होती. दोघांच्या दोन खुर्च्या ती विमानातून सोबत आणणार, त्या गाडीच्या सीटला पट्ट्यानं आवळायच्या आणि त्यातच लेकरं बसणार. तसली गाडी नसेल तर ती पुण्याला सासरी उतरेल, तिथं त्यांची मोठी गाडी आहे. आम्हीच तिकडं यावं.

आम्ही गेलोही असतो. पण माझे वडील, आबा, जाऊ शकत नव्हते. त्यांचे गुडघे गेल्ते. भोकरदनच्या अलीकडं आमचं गाव, तिथून ते आमच्याकडं जालन्यालासुद्धा येत नव्हते. पणतवंडं त्यांनी फोटोतच पाहिली होती. "फोटोला काय मांडीवर घ्यावं माय?" म्हणायचे. लेकरं गावापर्यंत पोचवायची, तर गाडी बदलणं आलं. तसंही गावाकडच्या रस्त्याला जुन्या गाडीचं पोट घासायचं. म्हणून मोठीच घ्यायची ठरली.

ह्यांच्या डोक्यात एक दणकट जीपगाडी कधीची बसली होती. मागं समोरासमोर बाकडी, दाटीवाटीनं अर्धं वऱ्हाड मावेल अशी. "नऊ माणसं आरामात बसतात," हे म्हणाले.

"आणि लेकरं?"

"ती काय, माणसात धरायची नसतात."

मी ऐकलं नाही. लेकीला फोनवर खुर्चीच्या बुडाची रुंदी विचारून घेतली. टेप लावून बघितलं तर आमचा जेवायला बसायचा पाट नेमका तेवढाच भरला. मग काय, दोन पाट कापडी पिशवीत घातले आणि शोरूमला गेले. तिथल्या पोरसवद्या सेल्समननं पिशवीत डोकावून बघितलं आणि अदबीनं म्हणाला, "मॅडम, पूजा डिलिव्हरीच्या दिवशी असते."

"पूजेला नाही, मोजायला आणलेत."

मी एकेका गाडीत चढायचे, मधल्या सीटवर दोन बाजूंना दोन पाट ठेवायचे आणि मधे स्वतः बसून बघायचे, कारण लेकीला लेकरांच्या मधे बसायचं होतं. एका गाडीत मी मावले नाही. दुसरीत मावले, पण मागचा पट्टा नुसता पोटावरून जाणारा होता. हे बाहेर उभं राहून जणू आमची ओळखच नाही असे छताकडं बघत होते. गाडी बघायला आलेले एक पागोटेवाले गृहस्थ बराच वेळ हे बघून राह्यले होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"बाई, लेकरू मांडीवर बसतंय की. त्याला पाट कशाला? जेवाया वाढायचंय का गाडीत?"

सगळे हसले. सेल्समननं तोंड फिरवलं. मला राग आला, आणि राग आला की मला जास्तीचं बोलायची सवय आहे. म्हणाले, "मी बी.ए., बी.एड. आहे आणि माझी लेक इंजिनिअर आहे. आमच्यात पट्ट्याशिवाय लेकरू गाडीत बसत नसतं."

आमच्यात! हीच लेक स्कूटरवर आमच्या दोघांच्या मधे चेपून मोठी झाली. ह्यांनी छतावरची नजर काढून एकदा माझ्याकडं बघितलं.

तिसऱ्या गाडीत दोन पाट बसले, मीही बसले, आणि दोन्ही कडांना खांद्यावरून येणारा पट्टा होता. तो ओढून मी बक्कलात घातला, खट्‌ असा आवाज आला. सेल्समन म्हणाला, "मॅडम, इथं मागचा बेल्ट लावून बघणाऱ्या तुम्ही पहिल्याच." तीच गाडी घेतली. बदनापूरला आमच्या शाळेत शिक्षक खोलीत पेढे वाटताना मी ही सगळी हकिगत पाटांसकट सांगितली. लोक गाड्या रंग बघून घेतात, मी पट्टे बघून घेतली, असं दोन-चार वेळा तरी म्हणाले असेन.

आता आमच्याकडं नवी गाडी आली की नारळ फुटतो, चाकाखाली लिंबं चिरडतात आणि दुसऱ्या दिवशी गाडी कव्हरवाल्याकडं जाते. कंपनीचं कापड मळू नये म्हणून त्याच्यावर रेक्झिन. हे आमच्या गाडीचंही झालं. रंग मी निवडला, मरून, कडेला पांढरी पायपिंग. कव्हरवाल्यानं गाडी परत दिली तेव्हा सीटवरून तळहात फिरवून म्हणाला, "बघा ताई, एक चुणी न्हाई." खरंच नव्हती. कडेचे पट्टे खांबाजवळ लोंबत होते, ते मी बघितले. माझं समाधान झालं.

लेक मुंबईहून दुपारच्या विमानानं औरंगाबादला उतरली. जावई सुटी मिळाल्यावर मागून येणार होते. विमानतळावरून थेट गावी जायचं होतं. आबांनी पुरणाचा स्वयंपाक सांगून ठेवला होता. लेकरं बघून मी रडले, हे हसले, आणि मग लेकीनं मोठी खुर्ची सीटवर ठेवली, पट्टा ओढला आणि दुसऱ्या हातानं सीटच्या फटीत चाचपडायला लागली.

"आई, बक्कल कुठंय?"

बक्कल नव्हतं. म्हणजे होतं, पण कव्हरवाल्यानं चुणी पडू नये म्हणून सगळी बक्कलं खाली दाबून वरून रेक्झिन ताणून शिवलं होतं. सगळ्यांच्याच गाडीला तो तसं करायचा, आणि आजवर कुणी तक्रार केली नव्हती. पट्टा होता, अडकवायला जागा नव्हती.

ह्यांनी फटीत बोटं घातली. मी घातली. एका टॅक्सीवाल्यानं येऊन घातली. तो म्हणाला, "ताई, घ्या की मांडीवर. सावकाश नेतील साहेब."

आणि मी लेकीला म्हणाले, "खरंच गं. आजचा एक दिवस घे मांडीवर. आबा वाट बघून राह्यलेत."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मोठी बॅग आडवी केली, नातीला छातीशी धरून, मोठ्याला पायाशी घेऊन लिंबाच्या सावलीत तिच्यावर बसली. "तुम्ही करा काय करायचं ते. मी इथं थांबते." जरा वेळानं म्हणाली, "नसेलच होत, तर मी संध्याकाळच्या विमानानं परत जाते. पुण्याला या तुम्ही."

विमानातली सगळी माणसं आमच्या बाजूनं बॅगा ढकलत गेली. प्रत्येक जण बघत होता. बॅगेवर बसलेली पोर, रिकाम्या दोन खुर्च्या, आणि उघड्या दारातून अर्धे बाहेर आलेले ह्यांचे पाय. टॅक्सीवाल्याकडचं ब्लेड घेऊन हे रेक्झिन कापत होते. मरून रेक्झिन करकर वाजत होतं. एका बाजूचं बक्कल निघालं. दुसऱ्या बाजूचं सीटच्या खाली सरकलं होतं. त्यासाठी गाडीतला पाना काढून सीटच उचकटावी लागणार होती.

तेवढ्यात फोन वाजला. गावाकडून, आबा.

"कुठवर आलात माय?"

लेक चार पावलांवर होती. मला एवढंच म्हणायचं होतं की गाडीत जरा अडचण झाली. पण मग कोणती अडचण, ते सांगावं लागलं असतं. पाटांची गोष्ट मी आबांनाही सांगितली होती आणि त्यांनी ती अख्ख्या गावाला. माझ्या तोंडातून निघालं, "विमान लेट झालंय आबा. अजून उतरलंच नाही."

"बरं बरं. येऊ द्या सावकाश."

फोन ठेवला. लेक नातीच्या पाठीवर थोपटत होती. तिनं ऐकलं होतं.

सीट निघाली, बक्कल वर आलं, सीट परत बसली. लेकीनं गुडघ्यानं दाबून दोन्ही खुर्च्या आवळल्या, हलवून बघितल्या, आणि मधे बसली. माप अगदी बराबर निघालं होतं. पण ते बोलून दाखवायची माझी हिंमत नव्हती. सिल्लोडपर्यंत कापलेल्या रेक्झिनचं एक टोक लेकीच्या हाताला टोचत होतं, ते ती मधूनमधून दाबून खाली करत होती.

गावात पोचलो तेव्हा दिवस मावळायला आल्ता. आबा फाट्यावरच्या शेडखाली खुर्ची टाकून बसले होते. भोवती पाच-सहा माणसं. आबांना दोघांनी धरून उठवलं. ते गाडीच्या दारातून आत वाकले आणि खुर्चीतल्या पणतूच्या गालाला त्यांनी हात लावला.

"असं बांधून आणलं व्हय गं याला?"

"बांधलंय म्हणून आलाय, आबा," लेक म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. तिनं बक्कल सोडलं, लेकरू आबांच्या समोर उभं केलं. आबा खुर्चीत बसले, त्याला मांडीवर घेतलं, आणि मग मान वर करून मला म्हणाले, "बरं झालं आलीस. हे बघ, याला सांग जरा."

'याला' म्हणजे खुर्चीजवळ उभ्या आमच्या गावच्या शेजाऱ्यांना. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठे, लहानपणी आम्ही एकाच शाळेत होतो. त्यांचा मुलगा औरंगाबादला विमानतळावरच सामान चढवायच्या कामाला होता.

"दुपारधरून डोकं खाऊन राह्यला. म्हणतो, इमान टायमावर उतरलं. पोराला फोन लावून विचारलं म्हणे यानं. म्हणजे तुम्ही तिकडं हाटेलात जेवत बसले, आणि आम्ही इथं पुरण घेऊन. मी म्हणलं, माझी लेक शिकलेली हाय, ती मला असं झूट सांगायची न्हाई. तुझ्या पोरालाच इमान कळत नसंल." आबांचा आवाज चढला होता. "सांग याला. लेट होतं का नव्हतं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. शेजारी अवघडून हसत होते. मी तोंड उघडलं. हे गाडीच्या मागं गेले, डिक्की उघडायला लागले.

"लेट होतं, आबा," लेक म्हणाली. "लई लेट होतं."

लहानपणी पाटीवरचं उत्तर शेजारणीचं बघून लिहिलं म्हणून मी जिला पुसून परत लिहायला लावलं होतं, ती माझी लेक. माझ्याकडं न बघता बोलली. गावातल्यासारखं 'लई' म्हणाली.

आबांनी टाळी वाजवली. "आता? मंग?"

माणसं शेजाऱ्यांवर तुटून पडली. "काय काका, पोरगं विमानतळावर हाय का बसस्टँडवर?" "नोकरी तरी हाय ना त्याला बराबर?" एकानं तर म्हटलं, "पोरगं तिथं चहाच्या टपरीवर असंल, विमान कुठून दिसायचं!" आबा सगळ्यांत मोठ्यानं हसले. शेजारी टोपी काढून डोकं खाजवत राहिले. त्यांच्या पोरानं त्यांना खरं सांगितलं होतं, आणि तो खोटा ठरला होता.

हसणं ओसरल्यावर ते माझ्याजवळ आले. ह्यांच्या हातातली मोठी बॅग त्यांनी घेतली, खांद्यावर टाकली.

"माफी करा बाई," म्हणाले. "पोरगं येडं आमचं. कायतरीच सांगितलं त्यानं. तुम्ही मनावर घेऊ नका."

मी म्हणाले, "असू द्या."

तेवढंच म्हणाले. ते बॅग घेऊन पुढं चालू लागले आणि आम्ही सगळे त्यांच्या मागं जेवायला गेलो.