पाण्याचा हात

लाटंबार्से गावातल्या आमच्या लोहारभट्टीवर घण माझा आणि पाणी बायकोचं. हे मला अजून पचलेलं नाही.

लाल झालेला कोयता पाण्यात बुडवून कडक करणं, यालाच आम्ही पाणी देणं म्हणतो. कोयता कुणाच्या हातचा, हे गिऱ्हाईक त्यावरूनच ओळखतं. बाबांचा खांदा साथ देईना, तेव्हा ते काम लोहाराच्या मुलाकडे, म्हणजे माझ्याकडे येणार, हे मी धरूनच चाललो होतो. बाबांनी मात्र आम्हा दोघांना एकेक कोयता दिला. दोन्ही मीच ठोकलेले.

भट्टीजवळच्या दोणीतल्या, म्हणजे कुंडातल्या पाण्यात पेडण्याच्या मिठागरातलं मीठ विरघळवलेलं असतं. मी माझा कोयता त्यात बुडवला आणि सगळी ताकद लावून गच्च धरून ठेवला. तापलेल्या लोखंडाला पाणी लगेच शिवत नाही, मध्ये वाफ असते. ती फुटली की चर्र होतं, आणि तेव्हा कुठे लोखंड भिजतं. बायकोने तिचा कोयता बुडवून कान लावला आणि तो पाण्यातच वरखाली हलवत राहिली. वाफेला कुठे बसूच दिलं नाही.

बाबांनी कानस फिरवली. तिच्या पात्यावरून ती सटकली, माझ्या पात्यात मधोमध चावली. तिथे वाफ राहून लोखंड मऊ पडलं होतं.

"पाणी बाय दितली," बाबा सुनेकडे बघत म्हणाले.

"बाबा, तेंकाच दिया. ते शिकतले," माझ्याकडे बोट करत ती म्हणाली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. तिने नाक तरी मुरडायचं होतं!

आता काजूच्या बागांतले लोक येतात ते सरळ "वयनी आसा?" असंच विचारतात. घण मारून खांदे मोडतात माझे आणि कौतुक तिचं. ती विहिरीवर गेली की मी तिच्या एकेका कोयत्यावर कानस फिरवतो. एकदा तरी चावावी!

परवा चावली. चुलीमागच्या खुंटीवरच्या कोयत्यात, मधोमध. मी नाचतच तो बाबांकडे नेला.

बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला. "हो तुजो. त्या दिसाचो. मोडीत घाल म्हणून हांवें सांगिल्लें, तिणें दवरलो. सदां धार लायता आनी वापरता."

तिने ठेवून घेतलेल्या माझ्या त्या कोयत्याचं पातं मऊ जागी झिजून आत गेलं होतं. तिथेच तिने रोज धार लावली होती आणि मला एका शब्दाने बोलली नव्हती. तिच्या त्या न बोलण्याचाही मला हेवा वाटला.