हाताला गुण

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, थोरल्या भावापाशी तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाच धड ठाऊक नाही.

नामांतराची वर्षं होती. मी मानवतहून आसपासच्या खेड्यांत जीपमधून सवारी न्यायचो. जीप माझी आणि भावाची. पांदण असो, नाला असो, कुठंही घुसायची. पण मध्येच आचके द्यायची, धूर ओकायची आणि भर चढावर बंद. वैताग नुसता! खाली उतरून धक्का मारणारे माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. मग मी कुणावर चिडायचो? गौतमवर.

गौतम बौद्धवाड्यातला, नांदेडला काम शिकून आलेला. एसटी स्टँडमागं बाभळीखाली त्यानं गॅरेज टाकलं होतं. कार्बोरेटर लावावा तर त्यानंच — डोळे मिटून, कान बॉनेटखाली घालून. स्क्रू किंचित पिळायचा, ऐकायचा, किंचित सोडायचा. मी जीप न्यायचो, तो नीट करून द्यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! मी परत जाऊन चार लोकांत ओरडायचो. तो टाकी बघायचा — पेट्रोल स्वच्छ. प्लग मात्र काळेकुट्ट. बिचारा डोकं खाजवत पुन्हा सगळं खोलून बसायचा.

आता सांगूनच टाकतो. मी टाकीत रॉकेल घालायचो. अर्धं पेट्रोल, अर्धं रॉकेल; वाचलेले पैसे माझ्या खिशात. भावानं सक्त मनाई केली होती, इंजिनची वाट लागते म्हणून. त्याच्या कानावर जाऊ नये म्हणून गॅरेजला जायच्या आधी मी टाकी रिकामी करून निव्वळ पेट्रोल भरायचो. गौतम त्यावर कार्बोरेटर लावायचा. बाहेर पडलो की पुन्हा रॉकेल. कसं टिकणार त्याचं काम?

एवढंच असतं तर लबाडी म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या दिवसांत चहाच्या टपरीवरची बाकडीसुद्धा वेगळी झाली होती. आमच्या बाकड्यावर बसून मी म्हणालो, "त्या गौतमच्या हाताला गुणच न्हाई." एकानं लगेच उचललं, "त्या लोकायला मशीनमधलं काय कळायलंय?" आणि मी — मी हसलो. लोकांना निमित्तच हवं होतं. हळूहळू ट्रॅक्टरवाले, फटफटीवाले त्याच्याकडं जायचे थांबले.

एका सकाळी तो आपण होऊन घरी आला. "भाऊ, गाडी आणा. पैशे नकोत. माझं कुठं चुकायलंय तेवढं बघू द्या. मला माझ्या कानाचाच भरोसा वाटंना."

तेव्हा बोलता आलं नसतं? रॉकेलचा डबा उचलून त्याच्यापुढं ठेवायला असा किती वेळ लागला असता? "आणतो," म्हणालो. तो गेल्यावर टाकी रिकामी केली आणि पेट्रोल भरलं.

त्यानं अर्धा दिवस घातला. शेवटी इंजिन असं लागलं की बॉनेटवर ठेवलेल्या कपातला चहासुद्धा हिंदकळेना. बऱ्याच दिवसांनी तो हसला. "आता न्हाई बिघडायची, भाऊ." मी मान डोलावली, निघालो, आणि स्टँडचं वळण ओलांडल्यावर सीटखालचा डबा बाहेर काढला.

पोळ्याच्या आत गॅरेज बंद झालं.

पुढं एकदा तो माझ्याच जीपमध्ये बसला. पेडगावकडं कालव्याच्या कामावर निघाला होता, हातात भाकरीचं फडकं. चढावर जीप बंद पडली. कुणीतरी म्हणालं, "गौतम, बघ की जरा. तुझंच काम हाय हे."

त्यानं बॉनेटकडं पाहिलंसुद्धा नाही. "माझ्या हाताला गुण न्हाई," म्हणाला, फडकं सीटवर ठेवून खाली उतरला आणि मागं जाऊन धक्का मारायला लागला.

मी स्टिअरिंग धरून बसून होतो. डबा सीटखालीच होता.