हरायला कोण उभं राहणार?

परक्या मुलखातला माणूस आमची पार्टी बळकट करायला काहून आला होता? हे मी दादाला विचारलं, आप्पांना विचारलं, गफूरभाईंना विचारलं. उत्तर कुणीच दिलं नाही. जो तो म्हणायचा, "ते सोड, त्या येळची एक गंमत सांगतो!" किस्से असेच साठतात. माणूस विचारायला जातो एक आणि घरी घेऊन येतो दुसरंच.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, भीमराव. गेल्या महिन्यात गेला. बसायला येणारे अजून येतात, रडता रडता किस्से सांगतात आणि मग हसल्याबद्दल तोंड लपवतात. मी चौथीतून पळालेलो, मला सजवून लिहिता येत नाही. पण डोक्यात मावेनात म्हणून सांगतो.

आमची पार्टी केवढी? वसमतला हळदीच्या गोदामावरची एक खोली! अध्यक्ष आप्पा, मोठे बागायतदार. मनानं चांगले, पण त्यांच्यापुढं तोंड उघडायची सोय नाही. गफूरभाईंचं सायकलचं दुकान. चंद्रकलाबाई शेळ्या बांधून सभेला यायच्या. दादा चिटणीस. त्याला एकच ध्यास होता, अध्यक्ष मतानं निवडायचा. आप्पांच्या ओसरीवर ठरेल ते सगळ्यांनी मान्य करायचं, हे बंद व्हायला पाहिजे. बौद्धवाड्यातल्या माणसाला चिटणीस करतात, अध्यक्ष कधी करणार? असं तो सरळ विचारायचा.

आणि त्या परक्या साहेबाची मदत नेमकी त्याच अटीवर आली.

* * *

साहेब आला आणीबाणीच्या आदल्या वर्षी. त्याच्या देशातली कुठलीशी संस्था आमच्यासारख्या देशांत पार्ट्यांना मदत करायची म्हणे. लाउडस्पीकर मिळणार, सायकली मिळणार, कार्यकर्त्यांना ट्रेनिंग मिळणार. साहेबाला मोडकं हिंदी यायचं. त्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "सदस्य कितने हैं?"

आप्पा म्हणाले, "पूरा तालुका अपना है!"

"उनके नाम लिखे हैं?"

आप्पांना धक्काच बसला. "नावं लिवायची? आन् ज्याचं लिवायचं ऱ्हाईल त्याला वाईट न्हाई का वाटणार?"

दादानं ते हिंदीत सांगितलं. साहेबानं टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाला, "यह मुश्किल हमारी किताब में नहीं है!"

* * *

ट्रेनिंगमध्ये दारोदार प्रचार शिकवायचं ठरलं. साहेबाचा हिशेब होता, सकाळभरात अख्खी गल्ली. पण दारात गेलं की चहा, आणि चहाला नको म्हटलं की मत गेलं! दुपारपर्यंत साहेबाचं पोट नगाऱ्यासारखं झालं.

मग आमचा बौद्धवाडा आला. आप्पा रस्त्यावरच थांबले, नेहमी थांबायचे तसे. साहेब सरळ आमच्या घरात शिरला, खाली बसला, आईनं दिलेला कप तोंडाला लावला आणि बाहेर बघून ओरडला, "अध्यक्षजी, आइए!"

सगळा वाडा बघत होता. आप्पा आत आले. बसले. आईनं कप पुढं केला. आप्पांनी घोट घेतला. मग दुसरा घेतला.

चंद्रकलाबाई दारातून म्हणाल्या, "आप्पा, इतकी वर्सं येऊन ऱ्हायले तुमी इथं. तहान आजच लागली व्हय!"

आप्पांनी कप रिकामा केला. त्या दिवसापासून मी आप्पांना घाबरायचं सोडलं.

* * *

आता अध्यक्षाची इलेक्शन. साहेब म्हणाला, कमीत कमी दोन उमेदवार पाहिजेत. आली का पंचाईत! आमच्याकडं मान कशात? बिनविरोधात. विरोधात उभं राहणं म्हणजे गावात फूट पाडणं. सगळे आप्पांच्या ओसरीवर जमले, खल झाला. सकाळी गफूरभाईंनी साहेबाला खुशखबर दिली, "हो गया साहब! दो उमेदवार बराबर मिल गए. कौन जीतेगा वो भी बिनविरोध तय हुआ, और कौन हारेगा वो भी बिनविरोध!"

जिंकणार आप्पा. हरायला दादाला उभं केलं होतं. त्यालाच हौस होती ना!

साहेबानं कपाळाला हात लावला. दादा हसला. म्हणाला, "उभं ऱ्हायला सांगितलंय. हरायचं कसं ते सांगितलं न्हाई."

* * *

दादा खरंच प्रचाराला लागला. सायकलवर औंढ्याकडची गावं केली, वारंगा फाट्यापर्यंत जाऊन आला. मी बरोबर होतो. तिथं हॉटेलात आप्पांचा एक माणूस बोलला, "पडायलाच उभा केलाय, कशाला टायर झिजवतो?" मी त्याची गचांडी धरली. टेबल उलटलं, भजी सगळीकडं!

दादानं मला बाजूला ओढलं. मला वाटलं, मारणार. तो म्हणाला, "तुझा आवाज मोठा हाय. उद्यापासून तू आप्पांचा प्रचार कर."

"काहून?"

"त्यांच्याकडं बोलणारं कुणी न्हाई. सगळ्यांना वाटून ऱ्हायलं, आप्पा आपोआप येतील. समोरच्याचा प्रचारच झाला न्हाई तर ही इलेक्शन कसली?"

मग काय! मी लाउडस्पीकरवर आप्पांच्या नावानं गळा फाडला. माझी आई दारात उभी राहून मला शिव्या देत होती, आणि दादा शेजारून सायकलवर जाताना हात हलवून म्हणाला, "आणखी जोरात! मागं ऐकू येत न्हाई!"

* * *

सदस्यांनी चिठ्ठ्या गोदामातल्या डब्यात टाकल्या. चंद्रकलाबाईंनी डबा उलटा केला, साहेबानं मोजल्या. दादा आला निवडून!

एकही टाळी नाही. कुणी कुणाकडं बघेना. साहेब घाबरला, मला हळूच म्हणाला, "अब झगड़ा होगा?"

आप्पा खुर्चीतून उठले. धोतर सावरलं. खुर्चीकडं हात केला. "बस भीमा."

दादा उभाच.

"अरे बस! कसं दिसतंय ते बघू तरी दे मला."

दादा बसला. आप्पा भिंतीला टेकून त्याच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "दिसतंय बराबर." मला अजून कळत नाही, त्या दिवशी दोघांत मोठा कोण होता.

* * *

आणीबाणी लागली आणि परदेशी हात शोधत फौजदार आला. साहेब कधीच परत गेला होता. फौजदारानं गफूरभाईंना दरडावलं, "बाहेरून काय काय आलं?"

"साहब, बाहर से एक आदमी आया था, वो बाहर गया. लाउडस्पीकर तो नांदेड का है!"

फौजदार म्हणाला, "अध्यक्ष कोण?" आप्पा पुढं झाले. "मीच. सगळ्या तालुक्याला विचारा." त्यांना गाडीत घातलं.

दादा तेव्हा गावाला गेला होता. कळल्या कळल्या सरळ ठाण्यात हजर! "त्यांना सोडा. अध्यक्ष म्या हाय. मतानं निवडून आलोय."

आप्पा आतून ओरडले, "ऐकू नका त्याचं! येडं हाय ते पोरगं!"

फौजदारानं पेन ठेवला. "काय हो, पार्टीत फूट पडली का तुमच्या?" आणि दोघांनाही आत टाकलं. तुरुंगात आप्पा स्वतःचं घोंगडं दादाच्या अंगावर घालायचे, असं बाहेर आल्यावर कळलं. तोवर दादाची छाती कामातून गेली होती.

* * *

या वर्षी पुन्हा अध्यक्षाची निवड आली. दादा बाजेवरच होता. धाप लागायची, घास उतरत नव्हता. सगळे म्हणाले, "भीमरावच राहतील. बिनविरोध." आप्पा तर रडत म्हणाले. दादानं मान हलवली. नाही म्हणजे नाही. पण मरणाऱ्या माणसाविरुद्ध उभं कोण राहणार? त्यानं चंद्रकलाबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "लोक माझ्या तोंडात शेण घालतील, भीमराव!" तो म्हणाला, "घालू द्या. आन् मला सोडू नका. माझं जे चुकलं ते सगळं बोला." बाई बोलल्या. डोळे पुसत पुसत, पण गावोगाव बोलल्या.

निवडीच्या दिवशी मी आणि गफूरभाईंनी दादाला बाजेसकट जिन्यानं वर नेलं. चिठ्ठ्या पडल्या. आप्पांनी मोजल्या आणि खाली बघून सांगितलं, "चंद्रकलाबाई."

बाई तोंडाला पदर लावून भिंतीकडं वळल्या. गफूरभाई बाजेच्या पायाशी बसले.

दादानं हात वर केला. मी उशी लावून त्याला बसतं केलं.

"फेरमोजणी," तो म्हणाला.

आप्पा म्हणाले, "लेकरा, कशाला आता तकलीफ..."

"उमेदवाराचा हक्क हाय, आप्पा. मोजा."

आप्पांनी पुन्हा मोजल्या. एकेक चिठ्ठी बाजेजवळ आणून धरली. दादानं एकेक वाचली. शेवटची झाली तेव्हा त्याचा सदरा घामानं भिजला होता.

"बराबर हाय," तो म्हणाला. "हरलो. करा जाहीर."