अंगण मोजलं तेव्हा

“नाचता येईना, अंगण वाकडं,” दाते सर म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला.

म्हणाले माझ्याकडे बघून. पण ज्यांच्यासाठी म्हणाले त्या वानखेडे मॅडम समोरच उभ्या होत्या, आणि त्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. नारायण पेठेत जन्म गेलेला माणूस. टोमणा मारायचा तर तो समोरच्यापर्यंत पोचला पाहिजे, एवढी काळजी ते घेतात.

कॉलेजच्या मुलींची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा पुण्यात चालू होती. दाते सर संयोजन समितीचे सेक्रेटरी. वानखेडे मॅडम अमरावतीकडच्या एका कॉलेजच्या कोच. सकाळीच त्यांच्या मुली सेमीफायनल जिंकल्या होत्या, पण अगदी रडतखडत. संध्याकाळी सहाला केरळच्या संघाशी फायनल होती. जिंकून आलेली कोच तक्रार घेऊन येते हेच दाते सरांना पटत नव्हतं.

“सर, त्या स्टेजकडच्या रिंगमध्ये काहीतरी गडबड आहे,” वानखेडे मॅडम पुन्हा म्हणाल्या. “माझी मेश्राम. पाच दिवसांत त्या बाजूला तिचा लांबून टाकलेला एक थ्री-पॉइंटर गेला नाही. दाराकडच्या बाजूला डोळे मिटून टाकते. असं कसं होईल?”

“प्रेशर,” दाते सर म्हणाले. “राष्ट्रीय स्पर्धा आहे. होतं.”

“प्रेशर काय एकाच बाजूला येतं का, सर?”

दाते सरांनी कप पुन्हा उचलला. मला मात्र तो प्रश्न आवडला.

मी कोण, ते सांगते. मी खेळाची फ्लोअर टाकते. सिव्हिलचा डिप्लोमा केला तेव्हा घरच्यांना वाटलं होतं की मुलगी पीडब्ल्यूडीत चिकटेल. मी चिकटले लाकडाला. बॅडमिंटन, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, सगळ्यांची फ्लोअर. शनिवार पेठेतल्या आमच्या सोसायटीत अजूनही काहीजण मला ‘फरशीवाल्या’ म्हणतात. त्यांची चूक सुधारणं मी सोडून दिलंय. या हॉलमध्ये जुना सिमेंटचा कोबा होता. त्यावर आम्ही स्पर्धेसाठी मेपलच्या लाकडी पॅनल्सची फ्लोअर अंथरली होती. खाली रबरी पॅड, वर लाकूड. स्पर्धा संपेपर्यंत मी रोज हॉलवर हजर राहायचं, असं कॉन्ट्रॅक्टमध्येच होतं.

वानखेडे मॅडम निघून गेल्यावर मी मेश्रामला शोधलं. पायऱ्यांवर एकटी बसली होती. नऊ नंबरची जर्सी, मांडीवर बॉल. रडून झालेलं होतं.

“नाव काय गं तुझं?”

“ऋतुजा. शेवटचं वर्ष आहे माझं, मॅडम. आणि आताच हात गेला.”

“हात गेला म्हणजे नेमकं काय होतं? बॉल डावीकडे जातो का उजवीकडे?”

तिने जरा विचार केला. “कुठंच नाही. सरळच जाते. पण सगळे लांब जाऊन राहिले. रिंगच्या मागच्या कडेला लागते न् बाहेर.”

“सगळे?”

“सगळे. आज सकाळी तर मी मुद्दाम कमी जोर लावला, तं मग दाराकडच्या रिंगवरही बिघडून गेलं. कोचनं संध्याकाळी मला बसवायचं म्हटलं तर मी काय म्हणू त्यांना?”

तिच्या कॉलेजात ती दुसऱ्या वर्षापासून रोज सकाळी तीनशे शॉट मारत होती. सगळं घर टीव्हीसमोर बसणार होतं. तिच्या वडिलांनी त्यासाठी ड्यूटी बदलून घेतली होती. हे सगळं तिने एका दमात सांगितलं आणि मग ओशाळून मांडीवरच्या बॉलकडे बघू लागली.

माझ्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. माणूस चुकतो तेव्हा चारी बाजूंना चुकतो. कधी जास्त, कधी कमी. चूक दर वेळी एकाच बाजूला आणि सारखीच असेल, तर माणसाला सोडायचं आणि माप तपासायचं. बॉल रिंगमध्ये वरून उतरत येतो. रिंग जर जागेवर नसून थोडी खाली असेल, तर बॉलला खाली पोचेपर्यंत थोडं पुढे जायला मिळतं आणि तो मागच्या कडेवर आपटतो. ज्याचा हात कच्चा आहे त्याला फरक पडत नाही, कारण त्याचे शॉट असेही इकडेतिकडे जातात. ज्याच्या हातात दहा फूट मुरलेत, तोच फसतो.

हॉल जेवणासाठी रिकामा झाला होता. मी शिडी घेतली, लेझर मीटर घेतला. बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून दहा फुटांवर पाहिजे. मीटरमध्ये तीन पूर्णांक शून्य पाच. नियमात फक्त सहा मिलिमीटरची सूट आहे. दाराकडची रिंग मोजली. बरोबर. स्टेजकडची मोजली. दोन मीटर नव्व्याण्णव सेंटिमीटर आणि वर पाच मिलिमीटर.

पुन्हा मोजली. मग लेझर बाजूला ठेवून साध्या टेपने मोजली. पंचावन्न मिलिमीटर कमी. साधारण सव्वादोन इंच.

पंचावन्न हा आकडा मी झोपेतही ओळखला असता. माझ्या फ्लोअरची जाडी पंचावन्न मिलिमीटर होती.

मी तिथेच खाली बसले आणि फाइल उघडली. चेकलिस्टवर दोन्ही रिंगपुढे ३.०५ लिहिलेलं, खाली माझी सही. आकडे खोटे नव्हते. दाराकडचा स्टँड चाकांचा आहे, तो फ्लोअर टाकल्यावर आत आणला आणि मग मोजला. स्टेजकडचा खांब मात्र जुना, कोब्यात कायमचा गाडलेला. त्या टोकाची पॅनल्स यायला उशीर झाला म्हणून मी म्हटलं, तोवर रिंग मोजून घेऊ. मोजली, कोब्यापासून. बरोबर भरली. दोन दिवसांनी त्याच कोब्यावर मी सव्वादोन इंचांची फ्लोअर चढवली आणि जमीन वर आली. चेकलिस्टवर आधीच टिक होती, म्हणून पुन्हा कोणी शिडी लावली नाही. कोणी म्हणजे मी.

खोटं कशाला सांगू, पहिला विचार हाच आला की हे अजून कोणाला माहीत नाही. संध्याकाळी फायनल होईल, उद्या मी पॅनल्स उचलेन आणि रिंग आपोआप बरोबर होईल. पुरावासुद्धा उरणार नाही. पंचवीस वर्षांचं नाव शाबूत राहील. मग पायऱ्यांवरची ती मुलगी आठवली. ती जन्मभर म्हणत राहणार, फायनलच्या दिवशी माझा हात गेला. मला स्वतःचीच लाज वाटली.

मी फाइल घेऊन दाते सरांच्या टेबलापाशी गेले. साडेबारा वाजले होते.

“सर, अंगण वाकडं आहे.”

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून पुसला.

“अहो, दोन्ही संघ हाफटाइमला बाजू बदलतात. मग अन्याय कोणावर?”

“लांबून टाकणाऱ्यांवर. केरळच्या मुली उंच आहेत, रिंगखाली जाऊन टाकतात. रिंग खाली आली तर त्यांना सोपंच. यांचा सगळा खेळ लांबचा.”

“आणि झालेल्या मॅचेस? पाच दिवसांच्या?”

“त्याचं मी काही करू शकत नाही. संध्याकाळच्या मॅचचं करू शकते.”

“या कागदावर सही तुमची आहे.”

“हो. म्हणून तर मी आलेय.”

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मला वाटलं, आता कॉन्ट्रॅक्ट गेलं. “लेखी द्या,” ते म्हणाले. “काय चुकलं, कोणाचं चुकलं, सगळं. दोन्ही कोचना मी स्वतः सांगतो. आणि पाच वाजता दोन्ही संघ वॉर्मअपला येतील तेव्हा रिंग जागेवर पाहिजे. नसेल तर फायनल होईल, पण तुमच्या पत्राचं जाहीर वाचन करून.”

मी पत्र लिहिलं. चार ओळी झाल्या. चूक स्वतःची असली की पत्र लहान होतं.

मग नाना पेठेत युसुफभाईंना फोन लावला. फॅब्रिकेशनमध्ये त्यांच्याइतका सरळ हात मी पाहिला नाही. खांब उपटणं शक्यच नव्हतं. पण रिंगमागच्या बोर्डाची लोखंडी फ्रेम खांबाच्या हाताला चार बोल्टांनी बसवलेली होती. फ्रेमला पंचावन्न मिलिमीटर खाली नवी चार भोकं पाडली, की फ्रेम तेवढीच वर चढणार. सांगायला सोपं. पण काचेचा तो बोर्ड फ्रेमसकट चार माणसांचं ओझं होता आणि खाली माझं लाकूड. स्पॅनर जरी पडला तरी खड्डा.

युसुफभाई वर बघत म्हणाले, “बाई, उभं राहायला परांची लागेल. शिडीवरून हे काम होणार नाही.”

परांचीचं सामान मागवायला दोन तास लागले असते. पण स्टेजवर बक्षीस समारंभाची सजावट चालू होती आणि सजावटीला होते गणपतीचे मंडप घालणारे लोक. मी त्यांच्या मुकादमाकडे गेले.

“बारा फुटी परांची पाहिजे. किती वेळ लागेल?”

“ताई, भर पेठेत, रस्ता बंद न करता, चाळीस फुटी उभी करतो आम्ही,” तो म्हणाला. “ही तर खुर्ची झाली.”

खाली प्लायवूड, त्यावर सतरंज्या, त्यावर परांची. वीस मिनिटांत उभी. परांचीला टांगलेल्या चेन-ब्लॉकच्या साखळीने बोर्ड पेलून धरला, जुने बोल्ट काढले. त्यातला एक गंजलेला निघाला आणि त्याने एकट्याने पाऊण तास खाल्ला. युसुफभाई त्याला प्रेमाने जे काही म्हणत होते ते इथे लिहिता येणार नाही. नवी भोकं पडली, बोर्ड चढला, बोल्ट आवळले. मी मोजलं. पाच मिलिमीटर जास्त.

“नियमात बसतंय की,” युसुफभाई म्हणाले.

“बसतंय. पण आज नको.”

त्यांनी सुस्कारा सोडला आणि बोल्ट पुन्हा सैल केले. पावणेपाचला दोन्ही रिंग तीन पूर्णांक शून्य पाच झाल्या. या वेळी मी दाते सरांनाच शिडीवर चढवलं आणि मोजायला लावलं. दोन्ही टोकांना.

वानखेडे मॅडम धावत आल्या. “ऋतुजाला पाच शॉट टाकू द्या ना. फक्त पाच. हात बसेल तिचा.”

“नाही, मॅडम. वॉर्मअप दोन्ही संघांना सारखा. एकदा माझ्यामुळे फरक पडलाय, पुन्हा नको.”

त्या चिडल्या. त्यांच्या जागी मीही चिडले असते. केरळच्या कोच शेजारीच उभ्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, पण माझा हलणारा हात कळला असावा. त्यांनी मान डोलावली आणि गेल्या.

पहिल्या हाफमध्ये अमरावतीकरणी दाराकडच्या रिंगवर टाकत होत्या. ऋतुजा ठीक खेळली. हाफटाइमला त्या सहा पॉइंटने मागे होत्या. मग बाजू बदलल्या आणि ती स्टेजकडच्या, माझ्या रिंगसमोर आली.

पहिला शॉट. रिंगच्या पुढच्या कडेला लागून बाहेर. कमी पडला. या रिंगसमोर जोर कमी करायचा, हे सकाळपासून डोक्यात बसलं होतं पोरीच्या. दुसराही कमी. वानखेडे मॅडमनी बेंचवरच्या मुलीला उठायची खूण केली.

दाते सर माझ्या बाजूला येऊन बसले. “अजून काही मोजायचं राहिलंय का?”

मी उभी राहिले आणि एवढ्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. कोर्टाच्या कडेवरून ओरडले, “ऋतुजा! दहा फूट आहे! घरच्यासारखं टाक!”

तिने ऐकलं की नाही, मला माहीत नाही. ती म्हणते, ऐकलं. पुढचा बॉल तिच्याकडे कोपऱ्यात आला आणि तिने तो टाकला. रिंगला शिवलासुद्धा नाही, नुसती जाळी हलली. वानखेडे मॅडमनी उठलेल्या मुलीला दंड धरून खाली बसवलं.

त्यानंतर तिने त्याच रिंगमध्ये आणखी चार थ्री-पॉइंटर घातले. शेवटच्या मिनिटात अमरावती एका पॉइंटने पुढे होती आणि केरळच्या दोन उंच मुली तिच्या अंगावर धावून आल्या. ती एक पाऊल मागे सरकली आणि हात सरळ वर गेला. बॉल हवेत असतानाच तिचा संघ ओरडायला लागला होता. मॅच चार पॉइंटने संपली. मी त्या आरडाओरड्यात भोकाड पसरून रडत होते, आणि सव्वादोन इंचांसाठी एवढं रडलेली बाई पुण्यात दुसरी नसेल.

ऋतुजा मेडल घेऊन थेट माझ्याकडे आली. “मॅडम, माझा हात गेला नव्हता न?”

“नाही गं. माझी अक्कल गेली होती.”

माझं पत्र दाते सरांनी फाइलला लावलं. त्याचं वाचन झालं नाही. पुढच्या वर्षीचं काम मलाच मिळालं, आणि माझ्या चेकलिस्टवर आता पहिली ओळ जमिनीची आहे. रिंगची ओळ सर्वांत शेवटी, दोन माणसांच्या दोन सह्यांसकट.

त्या कामाला गेले तेव्हा स्टेजकडच्या खांबावर एक पाटी दिसली. अक्षर दाते सरांचं.

‘ही रिंग मोजलेली आहे. शॉट चुकल्यास आपला हात तपासावा.’

मी पाटी वाचली आणि मोजायला शिडी मागवली.