खाली हाये

रूपरावाचं बूड एका जागी कधी टेकलं नाही. वांग्याच्या वाफ्यात उभा असला तरी जीव वानरांत, जेवायला बसला तरी कान भाजीच्या वाडीकडे. एकोणऐंशी साली त्यानं वानरं हाकायला नागपुरातून छर्‍याची बंदूक आणली आणि हिंगणीत त्याचा भाव वधारला. काळी नळी, सागवानी दस्ता. लांबून कोणीही खरीच म्हणावी. तसं कोणी म्हटलं की स्वारी खूष. घरी आल्यावर ती खाली करूनच खुंटीला लावायची, हा त्याचाच नियम. नियम मोडणाराही तोच.

त्या दिवशी सकाळी त्यानं छर्रा भरला, पण वानरं आधीच पळाली. पठ्ठ्या बंदूक तशीच खुंटीला लावून मोकळा झाला. दुपारी त्याच्या बायकोनं, धुरपतानं, भिंत सारवायला ती काढून जमिनीवर ठेवली. तेवढ्यात शेजारचा तानबा आला. त्याला बंदूक दाखवायची रूपरावाला कोण घाई! अंगणातूनच ओरडला, "अवं, बंदूक खाली हाये का?"

"हो जी, खालीच हाये!"

इकडे खाली म्हणजे रिकामी, आणि खाली म्हणजे भुईवरही. रूपरावानं आत जाऊन ती उचलली, "हात वर कर, तानबा!" म्हणत रोखली आणि गमतीत घोडा ओढला.

छर्रा तानबाच्या डोळ्याजवळ घुसला.

सेवाग्रामच्या दवाखान्यात त्याला आत नेलं. डोळा राहतो की जातो, कोणी सांगेना. रूपराव व्हरांड्यात बसला की उठायचा, उठला की दाराला कान लावायचा. तानबाची बायको शोभाबाई भिंतीशी बसली होती. तिनं विचारलं, "भाऊजी, झालं कसं?"

"मी इचारलं होतं न! हीच म्हणे, खाली हाये." त्याचं बोट धुरपताकडे.

धुरपता भडकली. "मी भुईवर हाये म्हटलं. अन् रिकामी असती, तरी माणसावर काऊन धरली?"

रूपरावाला आधी तिचा राग आला, मग स्वतःची भयंकर लाज वाटली. तो पुन्हा येरझारा घालू लागला.

संध्याकाळी नर्सनं सांगितलं, छर्रा हाडात अडकला होता, डोळा वाचला. शोभाबाईला रडू फुटलं. रूपराव आत गेला. अर्धा चेहरा पट्टीत, तानबा म्हणाला, "कोनं सांगतलं बे तुले, खाली हाये म्हणून?"

रूपरावानं दाराकडे पाहिलं. तिथं धुरपता उभी होती.

"कोनीच नाई," तो म्हणाला. "मी पायलंच नाई."